निगेटिव्ह रिपोर्टमधला फिलाडेल्फिया

फॉर्मवर डॉक्टरांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या : 'सीएमएल वाटतो. बाहेरच्या लॅबचा बीसीआर-एबीएल निगेटिव्ह आहे, तरी कॅरिओटाइप करून द्या.' सोबत तो बाहेरचा रिपोर्ट स्टेपल केलेला. त्यावर 'निगेटिव्ह' हा शब्द ठळक, चौकटीत. बीसीआर-एबीएल म्हणजे सीएमएल घडवणारा दोन जीनांचा जोड, आणि कॅरिओटाइप म्हणजे क्रोमोसोमांची तपासणी.

माणूस पंचेचाळिशीचा, वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये मापाडी. पांढऱ्या पेशी १,६२,०००. निरोगी माणसात त्या ४,००० ते ११,००० असतात. प्लीहा हाताला लागेल इतकी वाढलेली, बेसोफिल जास्त, आणि एरवी हाडाच्या मगजात राहणाऱ्या कच्च्या पेशी सगळ्या वयाच्या रक्तात उतरलेल्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं, याहून स्वच्छ चित्र मिळणार नाही. पण जीनची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून आधीच्या ठिकाणी सीएमएल बाजूला ठेवून त्यांना हायड्रॉक्सीयुरियावर ठेवलं गेलं. त्या गोळीने काउंट उतरतो, रोगाचं मूळ जागच्या जागी राहतं. काउंट उतरला, परत चढला, असं करत मधले महिने गेले. मग ते वाशीच्या या रक्तविकारतज्ज्ञांकडे आले. रिपोर्टपेक्षा रुग्णाच्या पोटावर ठेवलेल्या स्वतःच्या हाताला जास्त मानणारे डॉक्टर आता कमी झालेत. हे त्यांतले एक.

मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये सायटोजेनेटिक्सला आहे, म्हणजे क्रोमोसोम बघते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. केस मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या कामाबद्दल लोकांना वाटतं, सॅम्पल मशीनमध्ये घातलं की रिपोर्ट बाहेर येतो. क्रोमोसोमच्या बाबतीत तसं काही नाही. क्रोमोसोम दिसतात ते पेशी दुभागताना, तेवढ्यापुरतेच. म्हणून मगज आधी जिवंत ठेवायचा, वाढवायचा, आणि पेशी नेमक्या दुभागण्याच्या बेतात असताना त्यांना थांबवायचं. मगज हिरव्या टोपणाच्या हेपरिनच्या नळीत यावा लागतो. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएमध्ये पाठवला की निम्मं काम तिथेच बिघडतं, आणि हे दर आठवड्याला कुणाला तरी फोन करून सांगावं लागतं. काउंट असा लाखाच्या घरात असेल तर कल्चरमध्ये दोन थेंब पुष्कळ होतात. नवीन मुलं भीतीपोटी जास्त टाकतात. मग पेशी दाटीवाटीने आपलंच अन्न संपवतात आणि सकाळी दुभागणारी एकही पेशी हाती लागत नाही. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं, सकाळी कॉल्सिमिड घालून पेशींना मध्यावर अडवायचं, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात त्या फुगू द्यायच्या, आणि मग तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसिटिक ॲसिड अशा मिश्रणात पक्क्या करायच्या.

खरी कसोटी पुढे असते. पक्क्या केलेल्या पेशींचा थेंब काचेवर सोडायचा. तो सुकतो त्या काही सेकंदांत पेशी चपटी होते आणि क्रोमोसोम एकमेकांपासून सुटे होतात. हवा फार कोरडी असेल तर थेंब झटकन सुकतो आणि क्रोमोसोम गुंतलेलेच राहतात. हवा दमट असेल तर ते इतके पांगतात की कुठला क्रोमोसोम कुठल्या पेशीचा तेच कळत नाही. आणि आमची लॅब ठाणे खाडीपासून हाकेच्या अंतरावर, महिना जुलैचा. एसी चालू, डीह्युमिडिफायर चालू, तरी भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा उतरायचं नाव घेत नव्हता. अशा दिवशी मी काच ओली घेत नाही. हॉटप्लेटच्या कडेला कोमट करून घेते, थेंब जरा खालून सोडते, आणि पहिली स्लाइड लगेच फेज कॉन्ट्रास्टखाली बघून पुढच्या स्लाइडची उंची ठरवते. हे कुठल्या एसओपीत लिहिलेलं नाही. मला हे एका ज्येष्ठ मॅडमनी हात धरून शिकवलं. त्या निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी व्यवस्थापनाने माणूस घेतला नाही. दर वर्षीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, जीनचा नेमका तुकडा शोधणारा पीसीआर काही तासांत होतो तर ही दिवसच्या दिवस चालणारी तपासणी ठेवायची कशाला?

ल्युकेमियाचे क्रोमोसोम दिसायला कधीच देखणे नसतात. आखूड, फुगीर, कडा पुसट, पट्टे कसेबसे. पट्टे उठवणाऱ्या ट्रिप्सिनला काही सेकंद जास्त दिले की तेही जातात. त्या दिवशी दुपारी पहिला बरा मेटाफेज (म्हणजे दुभागताना मध्यावर अडलेली पेशी) मिळाला, आणि सवयीने नजर आधी सर्वांत लहान क्रोमोसोमांकडे गेली. २१ नंबरचे दोन, २२ चे दोन. त्यांतला एक २२ हा २१ पेक्षाही तोकडा, खालचा भाग छाटून टाकल्यासारखा. मग ९ नंबरची जोडी शोधली. एक ठीक होता. दुसऱ्याच्या लांब बाहूला टोकाशी एक फिकट तुकडा जास्तीचा. पुढचा मेटाफेज बघितला, तोच प्रकार. नियमाप्रमाणे २० मेटाफेज बघावे लागतात. विसांतही तेच : ९ आणि २२ यांनी आपापली टोकं बदललेली. हाच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना फिलाडेल्फियात तो सीएमएलच्या रुग्णांत दिसला, आणि कुठल्याही कॅन्सरशी पक्का जोडला गेलेला हा पहिला क्रोमोसोम ठरला. त्यांना वाटलं होतं, २२ चा तुकडा हरवलाय. तो हरवलेला नाही, ९ वर जाऊन बसलाय, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. क्रोमोसोमांचे फोटो कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जोड्या लावत बसायच्या. मायक्रोस्कोपसमोर मान अवघडली की मला त्यांची आठवण होते.

मी सरांना बोलावलं. सरांनी चष्मा वर करून आयपीसमधून बघितलं, आणखी दोन मेटाफेज बघितले, आणि म्हणाले, "फिश लाव. आणि पीसीआरला आपल्याकडेच परत कर." फिशमध्ये एबीएलवर लाल आणि बीसीआरवर हिरवा असे चमकणारे प्रोब बसवतात. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे ठिपके दिसतात. इथे एक लाल, एक हिरवा आणि दोन पिवळे, म्हणजे दोन ठिकाणी लाल-हिरवा एकमेकांना चिकटलेला. जवळजवळ प्रत्येक पेशीत. दोन्ही जीन जोडले गेलेत याबद्दल आता शंका उरली नव्हती.

आणि आमच्या पीसीआरचा रिपोर्टसुद्धा निगेटिव्ह आला.

इथून खरा वाद सुरू झाला. पीसीआरचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याने ग्राफ पुढे केला. कंट्रोल जीन उत्तम वर आलेला, म्हणजे आरएनए चांगला होता. बीसीआर-एबीएलची रेघ शेवटपर्यंत जमिनीला चिकटलेली. "मॅडम, किटमध्ये काही चूक नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्याच्या हातात कसब आहे, मी त्याला कधी घाईत पिपेट धरताना बघितलं नाही. पण या विभागातल्या मुलांचं एक मला खटकतं. किटच्या माहितीपत्रकातलं मर्यादांचं पान कुणी वाचत नाही. त्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही चाचणी कोणकोणते जोड ओळखते. बाकीचे ओळखत नाही, हे आपण समजून घ्यायचं.

जोड म्हणजे काय, ते सांगते. आपले जीन अखंड नसतात. कामाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो, त्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. त्यांच्या मधे इन्ट्रॉनचे लांबच लांब पट्टे असतात. आरएनए तयार झाला की पेशी इन्ट्रॉन कापून टाकते आणि एक्सॉन एकाला एक जोडते. जीन असे तुटक असतात हे १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं, आणि १९९३ मध्ये दोघांना त्याबद्दल नोबेल मिळालं. सीएमएलमध्ये २२ वरच्या बीसीआर जीनचे सुरुवातीचे एक्सॉन आणि ९ वरच्या एबीएल जीनचे मागचे एक्सॉन एका रांगेत येतात. बहुतेक रुग्णांत बीसीआरचा १३ वा किंवा १४ वा एक्सॉन एबीएलच्या दुसऱ्या एक्सॉनला जोडलेला असतो. आमच्या भाषेत ई१३ए२ आणि ई१४ए२. पीसीआरमध्ये प्रती काढायला जिथून सुरुवात होते तिथे बसणारा छोटा तुकडा म्हणजे प्रायमर. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीसीआरमध्ये प्रोब आणि मागचा प्रायमर दोन्ही एबीएलच्या त्या दुसऱ्या एक्सॉनवरच बसतात. तो एक्सॉनच जोडात नसेल तर प्रायमरला बसायला जागा नाही, आणि रेघ जमिनीलाच राहणार.

कपाटात जुन्या पद्धतीचे प्रायमर होते. त्यांतला मागचा प्रायमर एबीएलच्या तिसऱ्या एक्सॉनवर बसतो. ही पद्धत आकडा देत नाही, जेलवर पट्टी दाखवते. हल्ली जेल ओतायला कुणाला वेळ नसतो. मी ओतला. पट्टी आली, ठसठशीत, पण नेहमीच्या जागेच्या बरीच खाली. आकार मोजला तर ई१३ए२ पेक्षा सुमारे पावणेदोनशे अक्षरांनी कमी. एबीएलचा दुसरा एक्सॉन १७४ अक्षरांचा आहे. आकडा बघून मी खुर्चीतून उठलेच. तरी सिक्वेन्सिंग झाल्याशिवाय कुणाला काही बोलायचं नाही असं ठरवलं.

सिक्वेन्स आला तेव्हा सहकारी आणि मी एकाच स्क्रीनसमोर होतो. चार रंगांच्या टेकड्यांची रांग, एकेक टेकडी म्हणजे एकेक अक्षर. बीसीआरचा १३ वा एक्सॉन ओळखीचाच, त्याचं शेवटचं 'जी-जी-ए-ए-जी' येऊन गेलं. त्यानंतर नेहमीच्या केसमध्ये ए-ए-जी-सी-सी-सी-टी-टी-सी येतं. इतक्या वेळा बघितलंय की झोपेतही म्हणता येईल. इथे ते आलंच नाही. १३ वा एक्सॉन संपला आणि पुढच्याच टेकडीपासून एबीएलचा तिसरा एक्सॉन सुरू. मधे एकही अक्षर कमी नाही, जास्त नाही, टेकड्यांची उंचीसुद्धा कुठे डळमळलेली नाही. ई१३ए३. सहकारी बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने माहितीपत्रक काढलं, मर्यादांचं पान उघडलं आणि त्या ओळीवर हायलायटर फिरवला. त्या दिवसापासून आमचं दोघांचं जास्त जमतं.

त्या सांध्याच्या सफाईबद्दल मला सांगायचंय. क्रोमोसोम तुटतो तेव्हा नीटनेटका तुटत नाही. कुठेही तुटतो, आणि पेशी घाईघाईने मिळेल ते टोक मिळेल त्या टोकाला चिकटवते. मग सांधा इतका बिनचूक कसा? कारण तूट बहुतेक वेळा इन्ट्रॉनमध्ये पडते. शिंपी शिवणीत आत माया सोडतो. त्या मायेत कात्री थोडी इकडे-तिकडे गेली तरी बाहेरून ब्लाउज मापातच बसतो. इन्ट्रॉन ही जीनची माया आहे. तूट त्यात कुठेही पडो, आरएनए तयार झाल्यावर पेशी उरलासुरला इन्ट्रॉन कापून टाकते, आणि एक्सॉनला एक्सॉन काठाला काठ जुळतो. एबीएलचा पहिला इन्ट्रॉन लाखाच्या वर अक्षरांचा आहे, म्हणून तूट बहुधा तिथेच पडते आणि जोडात दुसरा एक्सॉन येतो. दुसरा इन्ट्रॉन त्याच्यापुढे अगदी तोकडा. तिथे तूट पडणं म्हणजे विरळाच. आमचा मापाडी त्या विरळ्यांतला.

काठ जुळले म्हणून भागत नाही. प्रोटीन बनताना आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. जोडात एखादं अक्षर कमी-जास्त झालं की तिथून पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि प्रोटीन अर्ध्यावर तुटतं. बीसीआरचा १४ वा एक्सॉन ७५ अक्षरांचा आहे, एबीएलचा दुसरा १७४ चा. दोन्हींना तीनने पूर्ण भाग जातो. म्हणून १४ वा असो-नसो, दुसरा असो-नसो, पुढचं वाचन सरळ चालू राहतं. एबीएल हे पेशीला वाढीचा इशारा देणारं एन्झाइम आहे. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात त्याला बंद ठेवणारी सोय असते, ती या जोडात गळून पडते. बीसीआरचा तुकडा येतो तो असे रेणू एकमेकांजवळ आणून चिकटवतो, आणि ते एकमेकांना कायमचे चालू करून ठेवतात. दुसरा एक्सॉन गेल्याने एबीएलचा आणखी थोडा भाग गेला, पण एन्झाइमचा गाभा पुढच्या एक्सॉनमध्ये आहे, तो शाबूत. इमॅटिनिब ही गोळी त्या गाभ्यातच जाऊन बसते, म्हणजे औषध लागू पडणार. सिक्वेन्स आला त्या संध्याकाळीच मी डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून सुरू करतो."

त्या रात्री घरी आल्यावर झोप लागेना. एम.एस्सी.ला असताना एक धडा होता, परीक्षेपुरता वाचून सोडून दिलेला. १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी 'नेचर'मध्ये एका पानाचा लेख लिहिला. जीन तुकड्यांत का असतात, हा प्रश्न. एक्सॉन आणि इन्ट्रॉन हे शब्द त्यांचेच. त्यांचं म्हणणं, मजकूर असा तुकड्यांत आणि मधे भरपूर रिकामी जागा असली की तुकड्यांची अदलाबदल सोपी होते. एका जीनचा एक्सॉन दुसऱ्यात जाऊन बसला, तरी तूट मधल्या जागेत पडलेली असल्याने दोन्हीकडचा मजकूर सुरक्षित राहतो. उत्क्रांतीला नवा जीन हवा असेल तर कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. आधीचे तुकडे नव्या क्रमाने लावले तरी चालतं.

तेव्हा मला ही नुसती सुंदर कल्पना वाटली होती. आता तिचा पुरावा माझ्या स्क्रीनवर होता, फक्त चुकीच्या माणसाच्या रक्तात. बीसीआरही जुना, एबीएलही जुना, दोन्ही प्रत्येकाच्या शरीरात असलेले. जोडातून आलेलं प्रोटीन मात्र जन्मतः त्या माणसात नव्हतं, आणि त्याचं वागणं दोघांपैकी कुणासारखंच नाही.

गिल्बर्ट यांची गोष्ट नुसता तर्क राहिली नाही. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणाऱ्या रिसेप्टरचा जीन १९८५ मध्ये उलगडला तेव्हा दिसलं, त्याच्या १८ एक्सॉनपैकी १३ एक्सॉनांचा मजकूर इतर प्रोटीनांत सापडतो. काही तुकडे संरक्षण करणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रोटीनाशी जुळणारे, काही वाढीच्या घटकाशी. पक्षाघात झाल्यावर रक्ताची गुठळी विरघळवायला हॉस्पिटलात जे टीपीए देतात, ते मुळात आपल्याच शरीरातलं प्रोटीन, आणि तेही असंच जुळवलेलं : एक तुकडा फायब्रोनेक्टिनसारखा, एक वाढीच्या घटकासारखा, क्रिंगल नावाचे दोन, आणि शेवटी प्रोटीन कापणारं एन्झाइम. यांचे एक्सॉनही तीनाच्या हिशेबात बसणारे, म्हणूनच ते इकडून तिकडे जाऊन टिकले. हिशेबात न बसणारे किती जोड घडले असतील, ते कुणालाच दिसत नाहीत. आमच्याकडेही तसंच. ९ आणि २२ मधला जो जोड वाचनात बिघडला, त्या पेशीचा ल्युकेमिया होत नाही, आणि ती माझ्या काचेवर कधी येत नाही. मी बघते ते फक्त जमलेले जोड.

ही जुन्या काळातलीच गोष्ट असंही नाही. आफ्रिकेतल्या दोन जातींच्या फळमाशांमध्ये जिंगवेई नावाचा जीन आहे. १९९३ मध्ये मान्युआन लाँग आणि चार्ल्स लँग्ली यांनी त्याचा उगम दाखवला. अल्कोहोल पचवणाऱ्या एन्झाइमच्या आरएनएची उलटी नक्कल होऊन डीएनए बनला, तो दुसऱ्याच एका जीनमध्ये जाऊन पडला, त्या जीनचे सुरुवातीचे एक्सॉन त्याला मिळाले, आणि नवा जीन कामाला लागला. वय सुमारे वीस लाख वर्षं. उत्क्रांतीच्या हिशेबात हा कालचाच. आणि दक्षिण अमेरिकेतल्या घुबडमाकडात तर असा जोड विषाणूच्या आड येतो. विषाणू अडवणाऱ्या ट्रिम५ जीनमध्ये सायक्लोफिलिन ए या दुसऱ्याच प्रोटीनाची नक्कल इन्ट्रॉनात जाऊन बसली. सायक्लोफिलिन एचआयव्हीच्या कवचाला चिकटतं, ट्रिम५ त्याचा निकाल लावतं. दोघं एका प्रोटीनात आले आणि त्या माकडाच्या पेशींत एचआयव्हीची डाळ शिजेना. हे २००४ मध्ये कळलं. पुढे आशियातल्या मॅकाक माकडांतही असाच जोड स्वतंत्रपणे घडलेला सापडला. जी तूटफूट मापाड्याच्या मगजात रोग झाली, त्याच जातीची तूटफूट तिथे ढाल झाली. मला हे अजून पचलेलं नाही.

रिपोर्ट घ्यायला त्या मापाड्याची मुलगी आली होती, बारावी सायन्सची. कोपरखैरण्याहून रिक्षाने आलेली, सगळे जुने रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेले. काउंटरवरच्या मुलीने मला बोलावून घेतलं, कारण तिचे प्रश्न संपत नव्हते. एरवी आम्ही रुग्णाच्या घरच्यांशी बोलत नाही, डॉक्टरांनीच बोलायचं असतं. मी सरांना विचारून बोलले.

"मॅडम, पहिल्या रिपोर्टात नाही म्हटलं आणि तुमच्यात आहे म्हटलं. मग खरं कुठलं?"

मी तिला कागदावर चौकोन काढून दाखवलं. बीसीआरचे चौकोन, एबीएलचे चौकोन, आणि बाहेरच्या लॅबची तपासणी कुठल्या चौकोनाला हात लावते. तो चौकोनच पप्पांच्या जोडात नाही. तिला लगेच कळलं. वर्गात क्रॉसिंग ओव्हर शिकवलंय म्हणाली. मग तिने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक घर विचारतं, फक्त बहुतेक जण दबक्या आवाजात विचारतात :

"मला आणि दादालापण होईल का?"

"नाही," मी म्हटलं. "हा जोड पप्पांच्या मगजातल्या एका पेशीत झाला, मोठेपणी झाला. तुम्हाला जे त्यांच्याकडून मिळालं त्यात तो नव्हता." घुबडमाकडाच्या पूर्वजात तो जोड बीजपेशीत घडला, म्हणून पिल्लांत उतरला आणि टिकला. मगजात घडलेला जोड त्या माणसापुरताच. हे तिला सांगताना तिने वहीत लिहून घेतलं. औषध परवडेल का, हेही विचारलं. ग्लिव्हेकच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला, आपल्याकडे इमॅटिनिब जेनेरिक मिळतं, बाकी डॉक्टर सांगतील, इतकंच मी बोलले.

निघताना मी तिला एक गोष्ट बजावली, आणि तीच पुढे खरी झाली. सीएमएलमध्ये औषध चालू झालं की दर तीन महिन्यांनी पीसीआरने रोगाची पातळी मोजतात. तीन महिन्यांत ती १० टक्क्यांच्या आत यावी अशी अपेक्षा असते. पण तो आकडा देणारी नेहमीची चाचणी त्याच दुसऱ्या एक्सॉनवर बसते. म्हणजे या माणसाची पातळी ती मोजूच शकत नाही. रोग भरभरून असतानाही 'आढळले नाही' असं येईल, आणि वाचणाऱ्याला वाटेल औषधाने चमत्कार केला. पहिल्या वेळी निगेटिव्ह रिपोर्टाने निदान लांबवलं. दुसऱ्या वेळी तो औषध बंद करायला लावेल.

झालंही तसंच. तीन महिन्यांनी मुलीचा फोन आला. कुठल्याशा शिबिरात मोफत तपासणी होती, पप्पांना मार्केटमधल्या लोकांनी नेलं, आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली : 'आढळले नाही'. घरात पेढे आले होते. काका तर म्हणत होते, गोळी कशाला खायची आता. तिने पप्पांना गोळी थांबवू दिली नाही आणि मला फोन केला. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं, डॉक्टरांनी आमच्याकडे फिशला पाठवलं. पिवळे ठिपके खूप कमी झाले होते, पण गेले नव्हते. औषध लागू पडतंय आणि रोग अजून आहे, दोन्ही खरं. बारावीतल्या त्या मुलीने ते जितक्या नीट धरून ठेवलं तितकं त्या शिबिरातल्या कुणीही धरलं नाही, याचा मला राग आहे. रुग्णाच्या जुन्या फाइलवर ई१३ए३ असं स्पष्ट लिहिलेलं असताना कुणी ती उघडली नाही.

आमच्या लॅबमध्ये मी एक मागणी लावून धरलीय. बीसीआर-एबीएलच्या रिपोर्टावर नुसतं 'निगेटिव्ह' छापायचं नाही. 'ई१३ए२, ई१४ए२, ई१ए२ हे जोड आढळले नाहीत, इतर जोड या चाचणीत तपासलेले नाहीत, संशय कायम असल्यास कॅरिओटाइप किंवा फिश करावे' असं वरच्या चौकटीत, निकालाच्याच आकाराच्या अक्षरात. मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं, एवढं वाचून डॉक्टर गोंधळतील आणि दुसऱ्या लॅबकडे जातील. ज्यांना तेवढं वाचायला वेळ नाही त्यांच्या हातात एका शब्दाचा रिपोर्ट देणं जास्त धोक्याचं आहे, हे मी लेखी दिलंय. सरांनी शेवटी टिप्पणीच्या रकान्यात ती ओळ टाकायला मान्यता दिली, वरच्या चौकटीचं अजून अडलंय. पीसीआरच्या सहकाऱ्याने माझ्या अर्जावर सही केली.

मापाड्याची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तिसऱ्या एक्सॉनवर बसणारे प्रोब आणि प्रायमर आम्ही दोघांनी मिळून डिझाइन केले आणि ऑर्डरला टाकलेत. त्याच्या सुरुवातीच्या सॅम्पलचा थोडा आरएनए उणे ८० अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलेला आहे, त्याच्याशीच पुढची पातळी ताडून बघायची. डब्यावर सहकाऱ्याने लाल मार्करने लिहिलंय : 'वापरू नये, ई१३ए३.'